दोन खुर्च्यांचा कोन

प्रतापनगर, नागपूर
१९ ऑगस्ट १९७३, रविवार

प्रिय गोपू,

तुझं कार्ड पोचलं. बेबीचा ताप उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला. चंदाला पाढ्यांसाठी फार रागावू नकोस. तिला संत्र्याच्या फोडी मोजायला लाव, पाढे आपोआप येतील. इकडे सगळं ठीक आहे. कॉलेज सुरू झालं. पहिल्या वर्षाला या खेपेस इतकी मुलं आहेत की मागच्या बाकावरची मला दिसत नाहीत आणि त्यांना मी ऐकू येत नाही. दोन्ही पक्ष समाधानी आहेत.

जिजाबाई वेळेवर येते. कणीक मात्र अजून दोघींच्या मापानं भिजवते आणि उरलेल्या पोळ्या घरी घेऊन जाते. सांगून पाहिलं. म्हणाली, "हाताले तेच माप लागलं हाय बाई, मी काय करू?" मग सोडून दिलं.

तुमच्या शाळेच्या इंदुताई बर्डीच्या बाजारात भेटल्या. कौसल्या वारल्यापासून तू बहिणीच्या मुलींसाठी वामनरावांकडे थांबली आहेस हे त्यांना माहीतच आहे, तरी विचारलं, "गोपिकाबाई दिवाळीनंतर तरी रुजू होतील ना? गायनाचे तास शिवणाच्या बाईंना किती दिवस देणार?" मी म्हटलं, होतील.

आता खरी बातमी. मी स्पीकर घेतले. होय, तेच. आपण रेडिओग्रामसमोर बसून ज्यांच्याबद्दल इतकी वर्षं बोललो ते. रेडिओग्राममधली बाई सर्दी झाल्यासारखी गाते असं तू म्हणायचीस. यापुढे नाही गाणार.

झालं असं, की अजनीच्या रेल्वे कॉलनीतले लोबोसाहेब निवृत्त झाले आणि मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले. जन्मभर गाण्याचं वेड. घरात विलायती स्पीकरच्या दोन जोड्या. एक जोडी त्यांच्या मेव्हण्यानं मागितली होती, दुसरी विकायची होती, आणि कोणती द्यायची ते घेणाऱ्यानं ठरवावं म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेतल्या कृष्णकांतनं मला कळवलं. मी आपली एक रेकॉर्ड घेऊन गेले. कोणती ते तू ओळखशील. तिच्यात सुरुवातीला नुसता तंबोरा पुष्कळ वेळ वाजतो आणि तू दर वेळी म्हणतेस, "अगं, आता गा ना बाई."

पहिली जोडी ऐकली. फार गोड. तंबोरा गोड, तबला गोड, सगळ्यावर साखर पेरल्यासारखी. तू असतीस तर तिथंच हो म्हणाली असतीस. मग दुसरी लावली. ती टॅनॉयची. ही कंपनी इतकी जुनी आहे, की इंग्लंडात स्टेशनवरच्या भोंग्यालाच लोक टॅनॉय म्हणतात. मोठ्या कागदी शंकूच्या ऐन मध्यात बारीक सुरांसाठी वेगळा छोटा भोंगा बसवलेला असतो, म्हणजे जाड आणि बारीक दोन्ही आवाज एकाच जागेतून निघतात. दिसायला अगदी साधी लाकडी कपाटं, कमरेइतकी उंच. वाजायला लागली आणि मी खुर्चीत सरळ बसले. तंबोऱ्याची चौथी तार किंचित उतरली होती, गोपू. इतकी वर्षं ती रेकॉर्ड ऐकतोय आपण, मला कधी कळलं नव्हतं. कानाशी कोणी काही पुटपुटल्यासारखी गायिका एकदा हसते, तेही आहे. तू म्हणशील, कशाला हवं ते. मला हवं वाटलं. मी टॅनॉय घेतले, आणि त्यांच्याबरोबरचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायरही.

लोबोसाहेबांनी मला मधल्या खुर्चीत बसवून समजावलं, "मिस साहब, ये एकही आदमी का मशीन है. बीच में जो बैठेगा वही राजा." त्यांची बायको बाजूला बसून विणकाम करायची म्हणे, तिला फरक पडत नसे. मग त्यांनी विचारलं, घरात ऐकणारे किती. मी म्हटलं, दोघी.

दिवाळीत येशील तेव्हा ऐक. तोपर्यंत जागेवर लावून ठेवते.

मुलींना पापा. वामनरावांना नमस्कार.

तुझी
चारू


प्रतापनगर, नागपूर
७ ऑक्टोबर १९७३

प्रिय गोपू,

दसऱ्याचं सोनं या पाकिटात घातलं आहे, चुरा होऊन पोचलं तर गोड मानून घे. काल पहाटेपासून आपल्या रस्त्यानं दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांची रीघ होती. जिजाबाई सुट्टीवर. बुलढाण्याहून तिच्या नात्यातली माणसं आली आहेत, सगळी तिच्या दोन खोल्यांत. आज येताना माझ्यासाठी खीर घेऊन आली आणि मी एकटीनं दसरा केला म्हणून माझ्यावरच रागावली.

तुझी मधली दोन कार्डं मिळाली. दिवाळीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. कार्डावर जागा तरी किती असते म्हणा. पाकिटं संपली असतील तर या पत्रात दोन कोरी टाकली आहेत.

स्पीकर घरी आले, ती हकिगत सांगायची राहिली. जिजाबाईच्या नवऱ्यानं, देवाजीनं, ठेला आणला. आपल्या दोन्ही गाद्या गुंडाळून कपाटं बांधली आणि मी सायकल हातात धरून अजनीपासून ठेल्याबरोबर चालत आले. वाटेत त्यानं विचारलं, "बाई, आलमारी हाय का?" मी म्हटलं, लाऊडस्पीकर. त्यानं ठेला थांबवून पुन्हा नीट पाहिलं. "मंग पोंगा कुठं हाय?"

लावायला मला महिना लागला. हसू नकोस. आपली बैठकीची खोली म्हणजे रिकामा पिंप. टाळी वाजवली की भिंती उत्तर देतात. स्पीकर कोपऱ्यात ठेवले तर तबल्याचा बायाँ ढगासारखा गडगडायचा. हातभर पुढे ओढले, खाली विटा दिल्या, मागच्या भिंतीवर तुझी निळी गोधडी टांगली, तेव्हा कुठे तो माणसात आला. गोधडीबद्दल क्षमस्व. धुऊन टांगली आहे.

एक फजिती सांगते, कॉलेजात कोणाला सांगितलेली नाही. पहिल्या दिवशी गाणं लागलं तर बाईचा आवाज कुठून येतोय तेच कळेना. आवाज खोलीत भरून होता, पण बाईला जागा नव्हती. कधी खिडकीशी वाटायची, कधी माझ्या पाठीमागे. मी अख्खी दुपार स्पीकर सरकवत बसले. शेवटी लक्षात आलं, एका स्पीकरच्या दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. मी दर वर्षी फळ्यावर हेच शिकवते. तारा बदलल्या, आणि बाई दोन कपाटांच्या मधोमध, जिथं काही म्हणजे काही नाही, तिथं येऊन बसली. मी उठून तिथं हात फिरवून पाहिला.

मग खुर्च्यांचा प्रश्न. लोबोसाहेब म्हणाले ते खरं आहे. मधे बसलं तरच बाई मधे. थोडं डावीकडे सरकलं की ती झपकन डाव्या कपाटात जाऊन बसते. मला ते पटेना. आपल्याला दोन खुर्च्या लागतात. तेव्हा मी कागदावर आकृती काढली. दोन्ही कपाटं चांगली आत वळवायची, इतकी की त्यांच्या नजरा आपल्या खुर्च्यांच्या पुढेच एकमेकींना छेदून जातील. मग डावीकडच्या खुर्चीजवळचा स्पीकर त्या खुर्चीकडे कानाडोळा करतो आणि लांबचा थेट तिच्याकडे पाहतो. जवळचा हळू, लांबचा मोठा, आणि दोघांची बरोबरी होते. उजवीकडे तसंच उलट. कोन साधायला आठ-दहा दिवस लागले, कारण मी इकडच्या खुर्चीत ऐकायची, उठून तिकडच्या खुर्चीत जायची, तोवर आधीचं विसरायची. शेवटी जिजाबाईला तुझ्या खुर्चीत बसवलं आणि मी माझ्या. विचारलं, बाई कुठं आहे? ती म्हणाली, "हे काय, मधात बसून राहिली. तुमच्या समोरबी, माह्या समोरबी." मग म्हणाली, "पण बाई, हे काहून करून राहिल्या तुम्ही? तुम्ही तं एकल्याच."

मी तिला चहा टाकायला पाठवलं.

ऐकणारे येतात अधूनमधून. भूगोलाच्या बाई येऊन गेल्या, त्यांना रेडिओसारखंच वाटलं. कृष्णकांत आला, त्यानं तारांची जोडणी तपासली आणि गाणं न ऐकताच गेला. मी रोज संध्याकाळी एक बाजू लावते. बाजू संपली की सुई खरखरत राहते आणि उठायचा कंटाळा येतो.

दिवाळीला यायचं जमेल का, एवढंच लिही. हो किंवा नाही. दोन्हीला कार्ड पुरेल.

तुझी
चारू


प्रतापनगर, नागपूर
२ डिसेंबर १९७३

गोपू,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे, तेव्हा नमस्कार, ख्यालीखुशाली सगळं त्या फाडलेल्या कागदांत गेलं असं समज.

काल वामनराव आले होते. संत्रा मार्केटात माल घेऊन आले होते, तो उतरवून इकडे आले. टोपलीभर संत्री आणली आहेत, जिजाबाई वाटत सुटली आहे. मला वाटलं तू पाठवलेलं काही घेऊन आले असतील, नाहीतर तुझा तंबोरा न्यायला. त्यांनी चहा घेतला. खोलीभर नजर फिरवली. गोधडीकडे पाहून म्हणाले, "हे गोपिकाबाईची हाय ना? तिच्या बोलण्यात होती." मग बशी खाली ठेवली.

"बाई, एक गोष्ट विचाराले आलो. वाईट नका मानू."

"विचारा."

"गावात लोक बोलून राहिले. बायको गेली आन् साळी घरात. माही बहीण म्हणते लगन करून टाक. मले तसं नव्हतं करायचं, लोकायसाठी. मी गोपिकाबाईले सरळ विचारलं, तुमच्या मनात काय हाय. ते हो म्हणत नाही, नाहीबी म्हणत नाही. दिवाळी गेली, तरी काही बोलली नाही. मंग एक दिवस म्हणाली, चारूले विचारा."

"काय विचारा?"

"एवढंच. चारूले विचारा. मी म्हटलं, त्यायले काय विचारायचं? तं उठून गोठ्याकडं चालली गेली."

मी म्हटलं, "वामनराव, तिनं मला यातलं काही लिहिलं नाही."

"नाही लिहिलं म्हणूनच मी आलो."

हातांना काही काम हवं म्हणून मी रेकॉर्ड लावली आणि त्यांना स्पीकरसमोर येऊन बसा म्हटलं. ते तुझ्या खुर्चीत बसले. त्यांना काय माहीत ती कोणाची.

त्यांनी नीट ऐकलं. मान डोलावली नाही, वा वा केलं नाही. बाई गायला लागली तेव्हा हळूच पुढे झुकून त्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. बाजू संपल्यावर म्हणाले, "समोर येऊन बसल्यावाणी वाटते. पण गोपिकाबाईचा आवाज याच्याहून नरम हाय."

मी विचारलं, "ती गाते तिकडे?" कारण तू मला लिहिलं होतंस की आता गाणं सुटलं.

"गाते. विहिरीवर मोटर सुरू असली का गाते, म्हणजे कोणाले ऐकू नाही गेलं पाहिजे. एक दिवस लाईन गेली. मोटर बंद पडली, पण तिले समजलंच नाही, एवढी लागली होती. मी बांधापाशी होतो. जाग्यावरच उभा राहिलो." मग खाली बघून म्हणाले, "तवापासून मले रोज वाटते, लाईन जावी."

हे मी तुला कळवलं नसतं तर मला सोपं गेलं असतं. काल रात्रभर मी ते वगळून पत्र लिहून पाहिलं. ती फाडलेली पत्रं तीच.

निघताना त्यांनी विचारलं, "मंग काय सांगू तिले?"

"तुम्ही काही सांगू नका. मी लिहीन."

"हो लिहा का नाही लिहा, मले राग नाही येणार. पण लवकर लिहा बाई. पोरी तिले आई म्हणाले लागल्या. मंग मोडणं कठीण जाईन." दारापर्यंत जाऊन परत आले आणि कप उचलून मोरीत ठेवून गेले.

तेव्हा लिहिते. तू मला विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर जन्मात लिहिलं नसतं.

नको. हे लग्न करू नकोस.

कारणं मी पुष्कळ जमवली होती. तुझी शाळेतली नोकरी, तुझं गाणं, पेन्शन, खेड्यातली धुणीभांडी, तुझी कंबर. सगळी खोडली. ती सगळी तुझ्या भल्याची होती, आणि यात मला तुझं भलं दिसत नाही असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. माणूस चांगला आहे. शोधूनही मला त्यांच्यात खोट सापडली नाही, आणि मी शोधली.

माझं कारण एकच आहे. मला तू इथं हवी आहेस. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर फाटकाची कडी काढताना आत दिवा असावा असं वाटतं, आणि तो तू लावलेला असावा. तुझ्याशिवाय मी नीट जेवते, नीट झोपते, वेळेवर कामाला जाते, आणि यांपैकी कशाचंच मला काही वाटत नाही. लोक मला विचारतात, तुमची मैत्रीण कशी आहे. मी म्हणते, बरी आहे. तो शब्द मला दर वेळी अपुरा पडतो आणि दुसरा शब्द आपल्या लोकांत नाही.

मुलींची अडचण असेल तर त्यांना घेऊन ये. चंदाला तुमच्याच शाळेत घालू, बेबीला जिजाबाई सांभाळील, मागची खोली रिकामीच आहे. वामनरावांनी हवं तेव्हा येऊन भेटावं, राहावं. यात वेडेपणा आहे हे मला कळतं. एखादा बाप असं करील का? तरी लिहिते.

आता तू ठरव. मी माझं सांगितलं. पुन्हा विचारणार नाही आणि पुन्हा सांगणारही नाही.

वाट पाहणारी
चारू


प्रतापनगर, नागपूर
१० फेब्रुवारी १९७४

प्रिय गोपिका,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. थंडी ओसरली. मागच्या अंगणातल्या कढीलिंबाला नवी पालवी आली आहे. परीक्षा जवळ आल्या, त्यामुळे मुलांना मी एकदम ऐकू येऊ लागले आहे.

संक्रांतीला तू आलीस, त्याबद्दल लिहायचं आहे. तू स्वतः इथं होतीस, तेव्हा तुला नवीन काही नाही. पण तू गेल्यावर मला शंका येऊ लागली, की मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का. म्हणून लिहून काढते. चुकत असेल तर दुरुस्त कर.

एसटीनं तू आलीस, चंदाचा हात धरून. फाटकाची कडी मी काढायच्या आधी तूच काढलीस, वरून हात घालून, नेहमीसारखी. आल्याबरोबर स्वयंपाकघरात गेलीस आणि डबे उघडून पाहिलेस. "मोहरीच्या डब्यात जिरं काहून?" म्हणालीस. 'का' नाही, 'काहून'. वर्षभरात तुझं बोलणं वामनरावांसारखं झालं आहे. मला ते आवडलं आणि बोचलंही. जिजाबाईनं तुला पाहून पदर डोळ्यांना लावला आणि मग तुझ्याशी भांडायला बसली. "वं बाई, किती वाळून गेली तू," हे तिनं किमान दहादा ऐकवलं असेल.

जेवणं झाल्यावर तू म्हणालीस, "दाखव तुझे स्पीकर." मी रेकॉर्ड पुसली. सुई मी दोनदा उचलली. तू तुझ्या खुर्चीत बसलीस. माझ्या खुर्चीत चंदा आधीच चढून बसली होती, म्हणून मी दाराशी उभी राहिले. तिथून गाण्याचं काही खरं नव्हतं. मी तुलाच पाहत होते.

तंबोरा सुरू झाला. तू नेहमीसारखं "आता गा ना बाई" म्हणाली नाहीस. डोळे मिटून बसलीस. बाई गायला लागली तशी चंदा खुर्चीवरून उतरली आणि एका कपाटाच्या मागे जाऊन पाहून आली, मग दुसऱ्याच्या. "आई, ते बाई कुठं लपली?" तू डोळे न उघडताच तिला जवळ घेतलंस.

बाजू संपली. सुई खरखरत राहिली. मी उचलायला गेले तर तू म्हणालीस, "राहू दे."

मग म्हणालीस, "चारू, मी हो सांगून आले."

"केव्हा?"

"निघायच्या आधी. मुद्दामच आधी सांगितलं. इथं येऊन मग सांगायचं ठरवलं असतं, तर हो म्हणवलं नसतं."

मी विचारलं, माझं पत्र मिळालं होतं ना. तू म्हणालीस, "त्याच्यामुळंच तर इतके दिवस लागले." चंदाच्या वेणीची रिबीन तू सोडलीस आणि पुन्हा बांधलीस. "बेबी माझ्या कुशीत हात घातल्याशिवाय झोपत नाही. आधी मला त्याचा जाच व्हायचा. आता तिचा हात नसला तर मला झोप येत नाही. आणि ते मला आवडतं चारू. तुझ्याशी खोटं बोलू का?"

"नको."

"मुलींना घेऊन ये म्हणालीस. वामनरावांना सांगितलं मी ते. ते म्हणाले, न्या. मग संध्याकाळी गोठ्यात जाऊन बसले आणि जेवायला आले नाहीत. त्या माणसाला मी कशी एकटं टाकू? त्याचं काय चुकलं?"

काही चुकलं नाही त्यांचं. मी तसं म्हणालेही.

त्यानंतर तू जे म्हणालीस तेच मला पुन्हा तपासून पाहायचं आहे. तू म्हणालीस, "हे तू इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणायचंस." मी विचारलं, तुला माहीत नव्हतं का. तू म्हणालीस, "माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि कोणी म्हणणं निराळं." मी म्हटलं, तूही कधी म्हणाली नाहीस. तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "मी गायची ना रोज. तुला काय वाटलं, भिंतींसाठी?"

हे असंच म्हणालीस ना? मी यात माझं काही घातलेलं नाही ना? तेवढं कळव.

बसस्टँडवर तू खिडकीतून माझा हात धरून होतीस. कंडक्टरनं डबल बेल दिली तरी सोडला नाहीस, गाडी हलल्यावर मीच सोडला. तू रागावली असशील, पण गाडीबरोबर पळण्याचं माझं वय नाही. परत येताना मी रिक्षा केली नाही, चालत आले. रस्त्यात इंदुताई भेटल्या आणि विचारलं, गोपिकाबाई रुजू होताहेत ना? मी म्हटलं, नाही, तिचं लग्न ठरलं आहे. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्हाला किती बरं वाटत असेल," म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

स्पीकर आहेत तसेच आहेत. पंधरा दिवस लावले नव्हते. मग एका रविवारी लावले, कारण व्हॉल्व्ह फार दिवस थंड ठेवू नयेत. गाणं चांगलं वाजतं. तुझी गोधडी काढून टाकली तर पुन्हा गडगडेल, म्हणून तेवढी ठेवून घेते. तंबोरा मात्र नव्या तारा बसवून, कापडात शिवून ठेवला आहे. वामनराव मार्केटात येतील तेव्हा घेऊन जातील. तू नको म्हणाली होतीस, पण घरात तो मुका ठेवणं मला जमत नाही आणि मला वाजवता येत नाही.

लग्नाला मी येणार नाही. तुमच्या मारुतीच्या देवळात, घरच्या घरी होणार आहे असं लिहिलंस. विचारतील त्यांना सांग, परीक्षा आहेत. परीक्षा आहेतच, त्यामुळे तुला खोटं बोलावं लागणार नाही. जिजाबाई आणि देवाजी येतील. जिजाबाईनं तुझ्यासाठी साडी निवडली आहे, रंग तुला आवडणार नाही. त्या दिवशी तेवढी नेस, तिच्यासाठी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींना चार दिवस पाठव, तू आणि वामनरावही या. मी त्यांच्याशी चांगली वागेन. ते कठीण नाही, माणूसच तसा आहे.

आणि एक. आता तुझ्या घरी पत्र आलं की ते सगळ्यांसमोर वाचलं जाईल, चंदा नीट वाचायला शिकली की तीच मोठ्यानं वाचेल. ते बरोबरच आहे, घरात असंच असावं. तेव्हा यापुढे मी कॉलेजच्या बातम्या लिहीन, पाऊसपाणी लिहीन, जिजाबाईचं भांडण लिहीन, मुलींना गोष्टी लिहीन. ती पत्रं कोणीही वाचावीत. त्यांत तुला शोधायला काही सापडणार नाही, शोधू नकोस.

हे पत्र मात्र एकटीनं वाच आणि चुलीत घाल. मला माहीत आहे तू घालणार नाहीस. तरी सांगणं माझं काम.

आजवर होते तशीच, आणि हे शेवटचं लिहिताना,
तुझी चारू

पुढच्या पत्रापासून, सौ. गोपिकाबाईंची स्नेहाकांक्षी,
चारुशीला देशकर